थंडीतले आकाश आणि आपले छंद

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



तिळगूळ वाटून झाल्यावर भाषण ठेवण्यात आपल्या चिटणीसबाईंनी मोठेच चातुर्य दाखविले आहे. बोलणारीला आज गोडच बोलणे भाग आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडात तिळगूळ असल्यामुळे त्यांना मध्येच हरकत घेता येत नाही. विषय मात्र मी मागून घेतला. तो कळल्यावर एकीने मला विचारले, "ताऱ्यांवर बोलणार म्हणजे आमच्या राशींचे भविष्य सांगणार का?" तेव्हा आधीच खुलासा करते की, भविष्य मला येत नाही. मला बोलायचे आहे ते आकाश पाहण्याच्या मौजेविषयी, आणि ती मौज आपल्या सुईदोऱ्याची, रांगोळीची कशी सख्खी बहीण आहे याविषयी.

आपल्यापैकी बहुतेकींना समारंभपूर्वक तारा दाखविला गेला तो एकदाच, लग्नात. सप्तपदी झाल्यावर भटजींनी ध्रुव आणि अरुंधती पाहावयास सांगितले. मुहूर्त सकाळचा, वर मांडवाचे कापड, आणि आपण नव्या नवऱ्यामुलींनी त्या कापडाकडे पाहून "दिसली" म्हणून मान डोलाविली! त्यानंतर संसार सुरू झाला, आणि खरी अरुंधती पाहावयाची राहूनच गेली. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली ती बारीक चांदणी या दिवसांत रात्री उशिरा वर येते, म्हणून आज तिची गाठ घालून देत नाही. पण जिने तिच्याकडे पाहिल्याचे कबूल केले आहे, तिने निदान उन्हाळ्यात एकदा तरी ते खरे करावे.

वास्तविक आकाशाशी आपला संबंध पुरुषांपेक्षा जवळचा आहे. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदय कधी आहे हे घरात कोणाला ठाऊक असते? दुसऱ्या दिवशी तोच चंद्र सरासरीने पन्नासएक मिनिटे उशिरा उगवतो, हे त्याच ज्ञानाचे पुढले पाऊल आहे. मार्गशीर्षातले गुरुवार आपण करतो. त्या महिन्याची पौर्णिमा मृगशीर्षाच्या आसपास होते म्हणून तो मार्गशीर्ष. कृत्तिकांवरून कार्तिक, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ. आपण महिन्यांची नावे घेतो तेव्हा ताऱ्यांचीच नावे घेत असतो.

आता कोणी म्हणेल, मृग तर पावसाळ्यातला! जूनच्या ७-८ तारखेला 'मृग निघाला' असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ त्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात असतो. सूर्यच तिथे असल्यावर ते तारे दिसावयाचे कसे? सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूस गेला की तेच नक्षत्र रात्रभर आपल्या डोक्यावरून जाते. म्हणून नाव पावसाचे आणि दर्शन थंडीचे.

आज रात्री जेवणे उरकली, ओटा आवरला, की नऊ-साडेनऊच्या सुमारास गच्चीवर जा. शाल घ्या. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीसएक मिनिटे लागतात, तेव्हा घाई करू नका. तोंड पूर्व-दक्षिणेकडे करून वर पाहा. चार ठळक ताऱ्यांचा एक उभट चौकोन दिसेल. ते हरणाचे चार पाय. चौकोनाच्या मधोमध एका ओळीत, सारख्या अंतरावर, तीन तारे आहेत. खेड्यांतून जुनी माणसे यांना तिकांडे म्हणत. हा हरणाच्या पोटात रुतलेला बाण. बाण सुटला तिकडे, म्हणजे खालच्या बाजूस, ती ओळ डोळ्यांनी वाढवीत न्या. तिथे जो लखलखणारा तारा भेटेल तो व्याध, साऱ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच ओळ उलट वर वाढविली की तांबूस रोहिणी लागते, आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा घोस. झाले, पाच मिनिटांत चौघांची ओळख झाली! दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर दहाच्या सुमारास क्षितिजाजवळ अगस्त्यही दिसेल. व्याधाखालोखाल तेजस्वी असा हा तारा लंडनच्या माणसाला घरबसल्या कधीच दिसत नाही, तो त्यांच्या क्षितिजाखालीच राहतो. आपल्याला मात्र तो घरच्या गच्चीवरून दिसतो.

भरतकाम करणाऱ्या भगिनींनी रंगांकडे लक्ष द्यावे. सगळे तारे पांढरे, असे आपण उगाच धरून चालतो. मृगाच्या चौकोनातला काक्षी नारिंगी आहे, आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. रेशमाच्या लडी निवडताना ज्या डोळ्यांना गुलाबी आणि राणी रंगातला भेद कळतो, त्यांना हा भेद न कळता कसा राहील? याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. ताऱ्यांचे तसेच. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान साडेतीन हजार अंशांच्या आसपास, तर राजन्याचे बारा हजारांच्या आसपास. लाल तो थंड आणि निळा तो तप्त. हाच काक्षी २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या आरंभी नुसत्या डोळ्यांनी कळावा इतका मंदावला होता. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ होऊन ती आड आली, असे शास्त्रज्ञांनी पुढे सांगितले. जी बाई रोज गच्चीवर येत असेल, तिला तो बदल कोणी न सांगताही कळला असेल.

आणि अंतरे? व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. जिची नात आज तिसरीत आहे, तिने समजावे की नात जन्मली तेव्हा निघालेला किरण आज पोचला. कृत्तिकांचा प्रकाश निघून तर सुमारे ४४० वर्षे झाली. तेव्हा शिवाजीमहाराजांचा जन्मही झाला नव्हता.

हे सारे आपल्या भाषेत, आपल्यासारख्यांसाठी सांगणारे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाले. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे व्यवसायाने शिक्षक. त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला दुसरे नाव दिले, 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढ्या मोठ्या ज्योतिर्विदाने ज्ञान म्हटले नाही, अभ्यास म्हटले नाही, मौज म्हटले, हे मला फार मोलाचे वाटते.

इथेच माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा येतो. आपल्याला मौजेचा संकोच वाटतो. विणावयास बसलो तर नातवाचा स्वेटर हवा. भरत असलो तर उशीचे अभ्रे हवेत, आणि प्रदर्शनात त्यांना किंमतही यावी. ज्यातून काही निपजत नाही ते रिकामपणचे उद्योग! घरातली माणसे हे म्हणण्याच्या आधीच आपण ते स्वतःला म्हणून घेतो. उपयोगी कामांना मी नावे ठेवीत नाही. आपल्या मंडळाची शिलाई त्यावरच चालते. परंतु ज्याचा हिशोब कोणी मागत नाही असे एखादे काम प्रत्येकीजवळ असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आमच्या आळीतल्या एका वहिनींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. यजमानांच्या लांबलेल्या दुखण्यात त्यांना रात्री दोनदा औषधासाठी उठावे लागे. मग झोप येत नसे. गॅलरीत उभे राहावे तर कृष्णपक्षातला चंद्र समोर. एके रात्री त्यांनी वाण्याच्या वहीच्या मागल्या पानावर वाटी ठेवून गोल काढला आणि पेन्सिलीने चंद्राचा आकार त्यात भरला. दुसऱ्या रात्री पुन्हा. तो रोज उशिरा येतो आणि रोज थोडा झिजतो, हे त्यांनी दहा-बारा गोलांत स्वतः शोधून काढले. आठ महिने ती वही चालली. यजमान राहिले नाहीत. वही आहे. वहिनी म्हणतात, त्या दिवसांत घरात सगळे औषधाच्या वेळांवर चालले होते. तेवढी दहा मिनिटे मात्र माझी होती, आणि त्यांच्या जोरावर मी सकाळी उठत होते. भगिनींनो, या वहीचा उपयोग काय, असे मला कोणी विचारले तर मी काय उत्तर द्यावे?

दुसरे उदाहरण दूरदेशचे, पण आपल्या ओळखीच्या वस्तूचे आहे. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात एलन हार्डिंग बेकर नावाची एक बाई होती. नवऱ्याचे दुकान, पदरी मुलेबाळे. या बाईने लोकरी कापडाची एक गोधडी केली. मधोमध सूर्य, भोवती ग्रहांच्या कक्षांची वर्तुळे, ग्रह, त्यांचे चंद्र, कडेने तारे, आणि एका बाजूस शेपटी पसरलेला धूमकेतू. कोपऱ्यात १८७६ हे साल भरलेले आहे. ही गोधडी भिंतीवर टांगून ती आसपासच्या गावांतून लोकांना सूर्यमाला समजावून सांगे. १८८६ साली क्षयाने ती गेली, तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या हातांना काय तोटा आहे? चौकटीबाहेरचे काही त्या हातांना सुचू द्यावे, इतकेच.

मी स्वतः एका विरलेल्या काळ्या चंद्रकळेवर मृग भरते आहे. संक्रांतीला नेसण्याजोगी ती राहिली नाही, पण रात्रीच्या आकाशाला याहून चांगले कापड कुठले? मोठ्या ताऱ्यांना गाठीचा टाका, बारक्यांना एकेक पांढरा मणी, काक्षीला नारिंगी रेशीम, आणि पाठीला अस्तर लावून धावदोरा. तीन हिवाळे झाले, अजून रोहिणीपर्यंतच पोचले आहे. कारण टाका घालण्याआधी वर जाऊन पाहावे लागते, आणि वर गेले की खाली यावेसे वाटत नाही. जिला शिवण नको तिने ठिपक्यांची रांगोळी घ्यावी. चार ठिपक्यांचा चौकोन, मध्ये तीन, असा मृग उंबऱ्याशी काढला तर येणारी-जाणारी मुले विचारल्यावाचून राहणार नाहीत. लिहिणारीने वही ठेवावी, आणि तारीख, वेळ, काय दिसले एवढेच लिहावे. दुर्बिणीची निकड नाही. आकाशाचा नकाशा आता मोबाइलमध्येही मिळतो, परंतु त्याचा उजेड डोळ्यांची सवय मोडतो, म्हणून तो घरात पाहून वर जावे. बॅटरीला लाल पारदर्शक कागद लावला तर डोळे दिपत नाहीत. ज्यांना पुढे शिकावेसे वाटेल, त्यांच्यासाठी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी मंडळींसाठी काम करीत आली आहे, आणि मुंबईस नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्या अनेक इमारतींच्या गच्चीला कुलूप असते आणि किल्ली सेक्रेटरींच्या खुंटीवर. रात्री नऊनंतर एखाद्या बाईने ती मागितली तर 'कशाला?' हा प्रश्न येतो, आणि 'तारे पाहायला' हे उत्तर द्यावयास जीभ रेटत नाही. एकटीची रेटत नसेल, पण वीसजणींची रेटेल. म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. माघ आणि फाल्गुन या महिन्यांत अमावास्येच्या जवळच्या शनिवारी रात्री नऊ ते दहा आपण एकेका इमारतीच्या गच्चीवर जमावे. किल्लीसाठी मंडळाच्या शिक्क्याने पत्र द्यावे, आणि तेवढा तास गच्चीवरचा दिवा बंद ठेवण्याची विनंती त्यातच करावी. फराळाचे कोणी काही करू नये. नाहीतर गच्चीवरही आपण ओटाच मांडू! सतरंजी, शाल, आणि ज्यांना हवे त्यांनी आपली वही किंवा सुई घेऊन यावे. सुनांनी सासूबाईंना हात धरून वर आणावे, आणि सासूबाईंनी त्या रात्री दुधाचे विरजण लागले की नाही हे विचारू नये.

कार्यकारिणीच्या पुढल्या बैठकीत या सूचनेचा विचार व्हावा अशी विनंती करते. पत्राचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते.