चिमुकल्या रोग्याची शुश्रूषा

कोल्हापुरच्या शिवाजी पेठेंतील एखादें जुनें घर श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. दिवेलागणीची वेळ आहे. घरांतील शाळकरी मुलगी एक लहानसा पिंजरा छातीशीं धरून आंत येते. पिंजऱ्यांत जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर एक पांढरी उंदरीण अर्धवट भुलींत पडलेली आहे. तिच्या काखेजवळची सुपारीएवढी गांठ पशुवैद्यानें त्याच दिवशीं दुपारीं कापून काढली आहे. मुलीच्या चेहऱ्यावर काळजी आहे, आईच्या चेहऱ्यावर शंका आहे, आणि सोप्यांत बसलेले आजोबा कपाळाला आठ्या घालून विचारीत आहेत, "उंदरावर शस्त्रक्रिया? ह्या गांवानें उंदरापायीं काय भोगलें, तें तुम्हां पोरांना ठाऊक आहे का?"

आजोबांचा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रकट झाला आणि पुढील कांहीं वर्षांत तो कोल्हापुरासहि पोंचला. शाहू छत्रपतींच्या त्या कारकीर्दींत लोकांना राहतीं घरें सोडून गांवाबाहेर माळावर झोपड्यांतून दिवस काढावे लागले. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द कानीं येतांच माणसें अंथरूणपांघरूण गोळा करूं लागत. ही धास्ती आजोबांकडे त्यांच्या आजीच्या तोंडून आलेली आहे. परंतु १८९८ सालीं कराचीस पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, हा रोग उंदराकडून माणसाकडे नेण्याचें काम पिसू करते. त्याचें म्हणणें त्या वेळीं लोकांस पटलें नाहीं. पुढें तेंच खरें ठरलें. म्हणजे त्या साथीचा पहिला रोगी उंदीर हाच होता. शिवाय आढ्यावर धांवणारा घरांतला काळा उंदीर वेगळ्या जातीचा आणि मुलीच्या पिंजऱ्यांतला पांढरा उंदीर वेगळ्या जातीचा. हा तपकिरी उंदराच्या वंशांतला. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत तो माणसाळला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत त्याचा एक वंश शास्त्रीय प्रयोगांसाठीं जोपासला गेला. तेव्हांपासून माणसाच्या किती तरी औषधांची पहिली परीक्षा ह्याच प्राण्याच्या शरीरावर होत आली आहे.

आपल्या देशांत १९६० सालीं प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठीं जो कायदा झाला, त्यानें प्रयोगशाळेंतील प्राण्यांविषयींहि बंधन घातलें आहे. प्रयोग काळजीनें व दयाबुद्धीनें करावे, आणि शस्त्रक्रिया करावयाची तर शक्यतों भूल देऊन करावी, असें तो सांगतो. प्रयोगशाळेवर जें बंधन, त्याहून कमी आस्था घरानें दाखवावी हें शोभणारें नाहीं. "मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो" अशी आपल्याकडे म्हण आहे. पाळलेल्या उंदराच्या बाबतींत हा खेळ माणसाच्या अज्ञानानेंहि होऊं शकतो. शस्त्रक्रिया पशुवैद्य करतो. तीस अर्धापाऊण तास लागतो. पुढील दहा-बारा दिवस मात्र सर्वस्वीं घराचे असतात, आणि उंदराचें जगणें-वांचणें बहुधा त्याच दिवसांत ठरतें.

प्रथम ह्या गांठीविषयीं. उंदराच्या मादीमध्यें स्तनाच्या पेशी मानेपासून मांड्यांपर्यंत पसरलेल्या असतात. त्यामुळें गांठ काखेंत, कुशींत किंवा जांघेजवळ कोठेंहि उठते. अशा गांठी वयस्क मादींमध्यें वारंवार आढळतात. त्यांपैकीं बहुतेक अंगांत इतरत्र पसरणाऱ्या नसतात; पण त्या वाढत जातात आणि वेळींच न काढल्या तर प्राण्याला चालणें अवघड करतात. एक काढल्यावर दुसऱ्या जागीं नवी उठण्याचा संभव असतो, हेंहि आधींच समजून असावें. उंदराचें आयुष्य दोन ते तीन वर्षांचें. कोणी म्हणेल, एवढ्याशा आयुष्यासाठीं हा खटाटोप कशाला? परंतु दोन वर्षांच्या आयुष्यांत दोन महिने म्हणजे बारावा हिस्सा होतो. माणसाच्या साठ वर्षांतील पांच वर्षांएवढा तो काळ आहे.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. येथें "गुरांचा डॉक्टर" म्हटलें कीं म्हशीचा गोठा डोळ्यांपुढें येतो. म्हशीचें वजन चारपांचशें किलो, उंदराचें तीनशें ग्रॅम. एकाच शास्त्राचे हे दोन रोगी. पण एकाला हातानें चांचपावें लागतें तर दुसऱ्याला बोटाच्या अग्रानें. म्हणून लहान प्राण्यांवर उपचार करण्याचा सराव असलेला पशुवैद्य आधींच शोधून ठेवावा. उंदरांमध्यें फुप्फुसांचा जुनाट विकार फार असतो, आणि तो असल्यास भुलीचा धोका वाढतो. तेव्हां श्वासांत घरघर असेल तर ती गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीं अवश्य सांगावी. दुसरी एक गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. माणसाला शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशी ठेवतात, कारण भुलींत उलटी होऊन ती श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. उंदराला उलटी होतच नाहीं. उलट, इतक्या लहान देहांतील सांठा उपासानें झपाट्यानें संपतो. म्हणून रात्रभर त्याचें खाणें काढून ठेवूं नये. वैद्य सांगेल तेवढेंच करावें.

आतां पहिली रात्र. त्या रात्रीं सर्वांत मोठा शत्रु म्हणजे गारठा. देह जितका लहान, तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. भुलीनें अंग थंड पडतें, आणि जखमेभोंवतालचे केस काढलेले असतात. मार्गशीर्षांत रंकाळ्याकडून गार वारा सुटतो तेव्हां तर विशेष जपावें. गरम पाण्याची रबरी पिशवी जाड कापडांत गुंडाळून पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखालीं ठेवावी. अर्ध्याच भागाखालीं अशासाठीं कीं, ऊब जास्त झाली तर रोग्याला स्वतः बाजूला सरकतां यावें. पिशवी उघडी ठेवल्यास भुलींतला प्राणी भाजतो आणि त्याला तें कळतहि नाहीं. पाणी निवलें कीं तें बदलावें. वैशाखांतल्या उन्हाळ्यांत मात्र उबेचा अतिरेक होऊं देऊं नये.

पिंजरा एकमजली असावा. शिड्या, फिरतें चाक व झोपाळे काढून ठेवावे; कारण चढतांना टांके ताणतात. तळाशीं लाकडाचा भुसा घालूं नये. त्याचे कण जखमेस चिकटतात व धूळ छातींत जाते. सुटे धागे नसलेलें जुनें सुती कापड किंवा कोरा कागद उत्तम. तो मळतांच बदलावा. पावसाळ्यांत दिवसांतून दोनदां.

शुद्धीवर आल्यावर तासाभरांत खाणें पुढें ठेवावें. मुगाची मऊ खिचडी मीठमसाल्यावांचून, कुसकरलेलें केळें, उकडलेल्या अंड्याचा चमचाभर भाग, काकडीची फोड, ह्यांतून जें रुचेल तें. बाटलीच्या नळीपर्यंत मान वर करणें पहिल्या दिवशीं जड जातें, म्हणून पाणी उथळ वाटींत द्यावें. वजन घेण्यास घरांतला ग्रॅम दाखविणारा तराजू पुरे. गांठ काढल्यामुळें वजन उतरलेलेंच असतें. यासाठीं घरीं आल्याबरोबर एकदां वजन घ्यावें आणि तेथून पुढें रोज सकाळीं एकाच वेळीं घेऊन वहींत मांडावें. तीनशें ग्रॅमांचा प्राणी तीस ग्रॅमांनीं उतरला म्हणजे देहाचा दहावा हिस्सा गेला. पण तितकी वाट न पाहतां, लागोपाठ दोन दिवस वजन घटूं लागलें कीं वैद्याला कळवावें.

ह्या शुश्रूषेंतील खरी कठीण गोष्ट पुढेंच आहे. कण्हणारा माणूस आपलें दुखणें सांगतो. उंदीर हा दुसऱ्याचें भक्ष्य होणारा जीव. दुबळेपणा दिसला तर तो मारला जातो. त्यामुळें दुखणें लपविणें हा त्याचा जन्मजात स्वभाव बनला आहे. तो ओरडत नाहीं म्हणून त्याला दुखत नाहीं, हा समज चुकीचा. २०११ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं उंदराच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या खुणा मोजण्याची पद्धति सिद्ध केली. डोळे बारीक होतात, नाक व गाल चपटे दिसूं लागतात, कान दुमडून बाहेरच्या बाजूस वळतात आणि मिशांची ठेवण बदलते. ह्यांच्या जोडीला पाठीला पोंक येणें, केस विसकटणें, अंग चाटून साफ करण्याचें सोडून देणें, हीं लक्षणें आहेत. डोळ्यांभोंवतीं व नाकाशीं तांबडा चिकटा दिसला कीं घरांतलीं माणसें रक्त समजून घाबरतात. तें रक्त नव्हे. डोळ्यामागील ग्रंथींतून पाझरणारें तें एक रंगीत द्रव्य आहे. परंतु तें अधिक दिसूं लागलें कीं प्राणी त्रासांत आहे असें समजावें.

वेदनाशामक औषध वैद्यानें वजनाप्रमाणें ठरवून दिलेलेंच द्यावें. माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजानें देणें म्हणजे विषाशीं खेळ. औषध थेंबांनीं असतें. तें केळ्यांत कालवून किंवा सुई काढलेल्या पिचकारीनें ओठांच्या बाजूनें हळूहळू द्यावें. प्राणी तरतरीत दिसला म्हणून औषध मध्येंच थांबवूं नये.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडांत पाहावी. थोडी लाली व किंचित सूज स्वाभाविक आहे. ती वाढत गेली, जागा गरम लागली, पू वा दुर्गंध आला, रक्त ठिबकूं लागलें किंवा कडा उकलल्या, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहतां वैद्य गांठावा. आपल्याकडे जखम दिसली कीं हळद दाबण्याची व खोबरेल लावण्याची रीत आहे. येथें ती पाळूं नये. उंदीर जें लावाल तें चाटतो, आणि चाटतां चाटतां टांका कुरतडतो. पुष्कळ पशुवैद्य याच कारणासाठीं टांके कातडीच्या आंतून घालतात. तरीहि कुरतडणें चालूं राहिल्यास घरगुती पट्ट्या न बांधतां वैद्यालाच विचारावें. अंघोळ अर्थात् नको.

उंदीर एकटा राहणारा प्राणी नाहीं. शिकागो येथील प्रयोगांत, ज्याची हकीकत २०११ सालीं प्रसिद्ध झाली, एका उंदरानें नळींत कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून मोकळें केलें. जवळ चॉकलेट असतांहि त्यांतला वांटा त्याच्यासाठीं राहूं दिला. इतका सोबत्याचा लळा! परंतु हाच सोबती प्रेमानें चाटतां चाटतां टांके तोडूं शकतो. म्हणून जखम मिटेपर्यंत दोघांचे पिंजरे वेगळे पण शेजारीं ठेवावे. त्यांना परस्परांचा वास व चाहूल लागली पाहिजे. वैद्यानें परवानगी देतांच दोघांना एकत्र करावें. एकांत लांबवूं नये.

माणसानें स्वतःचीहि काळजी घ्यावी. पिंजऱ्यास हात लावण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. चावा बसला तर जखम धुवून डॉक्टरला दाखवावी, कारण उंदराच्या चाव्यानें ताप येऊं शकतो. रानटी उंदरांचा संपर्क पिंजऱ्याला होऊं देऊं नये. त्यांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग येतो. आजोबांची धास्ती येथें उपयोगी पडते. ती भीति स्वच्छतेच्या कामीं लावली तर ती शहाणपण होते.

आणि कधीं कधीं एवढें सर्व करूनहि यश येत नाहीं. प्राणी वृद्ध असतो, गांठ खोलवर गेलेली असते, श्वास अडूं लागतो. अशा वेळीं हट्टानें ताणूं नये. वेदना न होतां शेवट करण्याचा मार्ग पशुवैद्याजवळ असतो, आणि तो स्वीकारणें हाहि शुश्रूषेचाच शेवटचा भाग आहे. मुलांपासून ही गोष्ट लपवूं नये. समजेल अशा शब्दांत सांगावी.

पुन्हां त्या शिवाजी पेठेंतील घराकडे वळावें. पहिल्या रात्रीं मुलीनें व आईनें आळीपाळीनें उठून पिशवींतलें पाणी बदललें. दुसऱ्या सकाळीं वजन दोनशें नव्वदांवरून दोनशें चौऱ्याऐंशींवर आलें, तेव्हां मुलीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. दुपारीं खिचडीच्या वासानें मुंग्यांची रांग पिंजऱ्याकडे निघाली. ती प्रथम दिसली आजोबांना. कांहीं न बोलतां ते उठले, पिंजरा एका चौरंगावर ठेवला आणि चौरंगाच्या चारी पायांखालीं पाण्याच्या चार वाट्या सरकविल्या. दुभत्याच्या कपाटाला त्यांची आजी असेंच करीत असे.

तिसऱ्या दिवशीं वजन स्थिर राहिलें. चौथ्या दिवशीं उंदरिणीनें पुढच्या दोन्ही पायांनीं तोंड पुसलें आणि मिशा साफ केल्या. पांचव्या सकाळीं मुलगी तराजू घेऊन बसली असतां सोप्यांतून हांक आली, "काय ग, आज किती भरली?"

दोनशें ब्याण्णव भरली होती.