शरीररूपी मंदिराची देखभाल
(ज्युबिलीच्या तयारीनिमित्त चर्चमध्यें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीसाठीं गेले कांहीं महिने आपण सर्वांनीं या चर्चच्या इमारतीची मोठ्या काळजीनें पाहणी केली. कोठें गिलावा सुटला आहे, कोठें पाणी झिरपतें, कोणत्या वाशाला कीड लागली आहे, हें शिडीवर चढून पाहिलें आणि जेथें दुरुस्ती हवी तेथें ती केली. परंतु प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीला लिहितांना आणखी एका मंदिराचा उल्लेख केला आहे. पवित्र आत्म्याचें तें मंदिर म्हणजे आपलें शरीर होय. या मंदिराची पाहणी आपण शेवटची केव्हां केली? चिंतेमुळें या शरीरांत जो ताण साचतो, त्याविषयीं आज आम्ही चार शब्द बोलणार आहों.

चिंता मनांत असते असें आपण म्हणतों. पण ती वस्तीला उतरते ती शरीरांत. कोणाला कर्जाचा हप्ता भरावयाचा असतो, कोणाचा मुलगा परदेशीं असून त्याचा फोन येत नाहीं, कोणाच्या घरीं जमिनीची वांटणी वर्षानुवर्षें रखडलेली असते, तर कोणाला पहांटे विरारची गाडी गांठावयाची असते. वाटेंत कोणी विचारलें तर तोंडानें आपण म्हणतों, "देवाच्या कृपेनें सर्व ठीक आहे." परंतु त्याच क्षणीं दांत दांतांवर आवळलेले असतात, खांदे कानांकडे चढलेले असतात, भुवया आंखडलेल्या असतात, पोट घट्ट असतें, आणि श्वास छातीच्या वरच्या भागांतच अडखळत असतो. तोंड झांकून ठेवतें तें खांदे सांगून टाकतात.

असें कां व्हावें? हार्वर्ड विद्यापीठांतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याची मीमांसा केली. भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच हृदय जोरानें धडधडूं लागतें, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त धांवतें आणि पचनाचें काम मंदावतें. शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतें. ही निर्मात्याची कृपाळु योजनाच म्हटली पाहिजे. वाडींत काम करतांना पायाजवळ साप निघाला तर विचार करण्यापूर्वींच आपण उडी मारतों, आणि म्हणून वांचतों. परंतु बँकेची नोटीस म्हणजे साप नव्हे. तिच्यापासून पळतां येत नाहीं, तिला काठीनें मारतांही येत नाहीं. शरीराची सज्जता मात्र तशीच राहते. साप निघून जातो, नोटीस उशाशीं राहते. आणि रोज रोज ताणलेली दोरी कोठें तरी झिजतेच. मान धरते, डोकें दुखतें, झोंप उडते.

बंधूंनो, हा प्रश्न केवळ अंगदुखीचा नाहीं. कुमसारांत ऐकलेलें आम्ही कधींच बोलणार नाहीं; परंतु उघड्या डोळ्यांनीं सर्वांना दिसतें तेवढें सांगतों. दिवसभर मुठी आवळून बसलेला बाप संध्याकाळीं घरीं येतो. लेंकरानें वहीसाठीं पैसे मागितले एवढेंच निमित्त होतें, आणि कार्यालयांत गिळलेला राग त्या निष्पाप जीवावर ओतला जातो. दुसरा घरीं येण्यापूर्वींच गुत्त्याकडे वळतो. दोन घोट घेतल्यावर अंग सैल पडतें हें खरें. पण दारूनें उघडलेली मूठ दुसऱ्या सकाळीं अधिकच घट्ट मिटते. आणि घरची माउली? ती सर्वांचें निमूटपणें सोसते, डोकें दुखतें म्हणून कपाळाला बाम चोळते, आणि तिला काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. अंगांतील ताण वेळींच ओळखला तर यांतील कित्येक दुःखें उंबरठ्याबाहेरच राहतील.

कोणी म्हणेल, "फादर, ज्याची श्रद्धा दृढ आहे त्याला ताण कसला?" अशा बांधवानें गेथशेमनी बागेकडे पाहावें. पापरहित प्रभूचें शरीरही त्या रात्रीं व्याकूळ झालें. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडत होता, असें संत लूक सांगतो. एलिया संदेष्टाही रानांतील झुडुपाखालीं मरण मागत पडला होता. देवानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. दूत पाठवून त्याला भाकर दिली, पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून जेवूं घातलें. संवाद झाला तो पुढें होरेब डोंगरावर. तेव्हां ताण म्हणजे पाप नव्हे, अश्रद्धाही नव्हे. थकलेल्या शरीराची विचारपूस करणें ही देवाचीच रीत आहे.

आतां उपायाकडे वळूं या. शिकागो येथील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनीं १९२९ सालीं स्नायु क्रमाक्रमानें शिथिल करण्याची पद्धति ग्रंथरूपानें मांडली. तिचें मर्म असें कीं, जो ताण आपल्याला जाणवतच नाहीं तो आपण सोडूं शकत नाहीं. म्हणून आधीं ओळखणें, मग सोडणें. खुर्चीवर स्वस्थ बसावें, पाय जमिनीला टेकवावे. दोन्ही मुठी जरा आवळाव्या, चार-पांच सेकंद तो ताण नीट अनुभवावा, आणि मग एकदम सोडून द्याव्या. आवळलेल्या व मोकळ्या हातांतील फरक शांतपणें न्याहाळावा. याच रीतीनें खांदे कानांकडे उचलून खालीं सोडावे. नंतर कपाळ, जबडा, पोट आणि पाय. ओंठ मिटलेले असले तरी दांतांमध्यें थोडें अंतर असूं द्यावें. जेथें दुखापत असेल तो भाग मात्र आवळूं नये. एवढ्याला दहा मिनिटें पुरतात, आणि पैसा एकही लागत नाहीं.

हें कांहीं परकें शास्त्र आहे असें मानूं नका. संत इग्नेशियस लोयोला यांनीं आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकांत प्रार्थनेची एक रीत सांगितली आहे. तींत एका श्वासाबरोबर प्रभूच्या प्रार्थनेंतील एकच शब्द मनांत उच्चारावयाचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्याच्या अर्थावर चित्त ठेवावयाचें. या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली. मुंबईंत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनींही १९७८ सालच्या आपल्या 'साधना' या पुस्तकांत शरीरांतील संवेदनांकडे लक्ष देण्यापासूनच प्रार्थनेच्या अभ्यासाला आरंभ केला आहे.

रोझरीविषयींही एक गोष्ट ऐका. २००१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें इटलींतील संशोधकांनीं २३ निरोगी व्यक्तींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेंतील 'आवे मारिया' रोझरीच्या चालीवर म्हणतांना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारें ६ पर्यंत संथ झाला, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयींत सुमेळ वाढला. एरवीं स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला १२ ते २० वेळां श्वास घेतो. आपण रोझरी म्हणतों ती रक्तदाबासाठीं नव्हे, पवित्र मातेच्या संगतींत प्रभूचें चिंतन करण्यासाठीं. पण कित्येक घरांत ती जलद गाडीसारखी मधलीं स्टेशनें गाळीत धांवते, हें आपण जाणतांच! ती सावकाश म्हटली तर आत्म्याबरोबर देहालाही विसांवा मिळतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. छातींत कळ येत असेल, कित्येक आठवडे झोंप लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, खांदे सैल केल्यानें कर्ज फिटत नाहीं आणि वांटणीही मिटत नाहीं. परंतु मोकळ्या झालेल्या हातानें हिशेबाची वही उघडतां येते, आणि रुसलेल्या भावाचें दार ठोठावतां येतें. आवळलेल्या मुठीनें दार ठोठावलें, तर आंतल्याला तो घावच वाटतो.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आमची एवढीच विनंति आहे. आज रात्रीं घरोघरीं रोझरी सुरू करण्यापूर्वीं एक मिनिट सर्वांनीं निःशब्द बसावें. प्रत्येकानें आपला जबडा, आपले खांदे, आपले हात तपासावे आणि जें आवळलेलें असेल तें प्रभूच्या समक्ष सैल सोडावें. मग एकमेकांना विचारावें, "आज तुझ्यावर कसलें ओझें आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. भागलेल्यांना व ओझ्यानें दबलेल्यांना ज्या प्रभूनें आपल्याकडे बोलाविलें, तो आपल्या या धर्मग्रामांतील प्रत्येक घराला आपली शांति देवो. आमेन.