हिंगोलीची छावणी आणि मेडोज टेलर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मध्यंतरी नववीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला. ठगांवरच्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा नायक अमीर अली आहे, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. मित्रांनी त्यावरून त्याला चिडवले होते. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, ठग आपल्यातलेच होते का?" तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज आपणा सर्वांसमोर देत आहे.

ही कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला. १८२४ साली, म्हणजे आमच्या दहावीच्या मुलाच्या वयात, तो एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी मुंबईस आला. तेथे निराशा झाली, म्हणून निजामाच्या फौजेत दाखल झाला आणि औरंगाबादला आला. ह्या फौजेचा खर्च निजामाचा आणि अंमलदार इंग्रज, अशी व्यवस्था होती. आपल्या हिंगोलीची छावणी याच फौजेची. ती १९०३ पर्यंत येथे होती.

विशी गाठण्याआधीच टेलर निजामाच्या राज्याच्या नैऋत्य भागात पोलीस खात्याचा सहायक सुपरिंटेंडेंट झाला. कॉलेजचे शिक्षण नाही, घर हजारो मैल दूर. पण त्याने आळस केला नाही. इथल्या भाषा शिकला आणि दुभाष्यावाचून लोकांशी बोलू लागला. वाटेवर माणसे नाहीशी होतात, हे त्याच्या कानी आले. तो मागावर होता, तोच त्याला परत पलटणीत बोलावले. पुढे ठगांचा छडा लावण्याचे श्रेय स्लीमन या अंमलदाराला मिळाले. ही चुटपुट टेलरने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

आता हिंगोलीची हकीकत ऐका. ती टेलरने आपल्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे. हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अंमलदाराकडून रीतसर परवाना घेतला. मग त्या कापडाच्या खऱ्या मालकाला आणि सोबतच्या माणसांना वाटेतच ठार केले, आणि तोच माल त्याच परवान्यावर आणून छावणीच्या बाजारात उघडपणे विकला! पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर खून पडत होते आणि प्रेते शिपायांच्या पहाऱ्यापासून जवळच पुरली जात होती. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः हजर होता. हरीसिंग पकडला जाऊन कबूल झाला नसता, तर हे कोणाला कळलेही नसते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पहिले उत्तर येथे मिळते. कादंबरीतला अमीर अली मुसलमान, हिंगोलीचा हरीसिंग हिंदू. ठगांच्या टोळ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते, आणि त्यांनी लुटलेल्या वाटसरूंतही दोन्ही धर्मांचे होते. गुन्हा माणसाचा असतो, त्याच्या नावाचा नसतो.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८३६ च्या कायद्याने अमुक खून केला हे सिद्ध न करताही, ठगांच्या टोळीत होता एवढ्यावरून जन्मठेप देता येऊ लागली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर मोठी भिस्त होती. पुढे १८७१ च्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो शिक्का स्वतंत्र भारतात १९५२ साली पुसला गेला. तरी लोकांच्या मनातून तो गेला, असे कोण म्हणेल? चोर पकडणे हे पोलिसाचे काम; पण पाळण्यातल्या मुलाला चोर ठरवणे हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ठगांविषयी आपण जे वाचतो, ते बहुतेक पकडणाऱ्या अंमलदारांनी लिहिलेले आहे. जबानी ठगाची असली तरी लेखणी साहेबाची होती. म्हणून ते सारे खोटे, असे मी म्हणत नाही. हिंगोलीतले ते खड्डे खरे होते. पण वाचताना कोण लिहितो आहे हे विचारण्याची सवय असावी. ही सवय शिक्षणाने लागते.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा असो की मुलगी, त्यांचे शिक्षण मध्येच तोडू नका. परक्या मुलखातून पंधराव्या वर्षी आलेला मुलगा आपल्या भाषा शिकून आपल्या गावाची हकीकत लिहून गेला. मग मराठी, उर्दू, इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांनी ती का लिहू नये? आपली हकीकत आपण लिहिली नाही, तर दुसऱ्याने दिलेले नाव आपल्याला चिकटते.

आणि बाळा, तू पुन्हा मान खाली घालू नकोस. ते पुस्तक पुरते वाच, आणि चिडवणाऱ्या मित्रालाही शेजारी बसवून वाचायला दे.