तळघर सजवण्याआधी

निवृत्तीनंतर आम्ही गुरुग्रामला राहतो. घराखालचं अर्धवट तळघर बैठकीसाठी नीट करायचं ठरलं. मुलं टाइल्स निवडत होती. मी म्हटलं, आधी ओल बघा. फरशीवर पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. थेंब खालच्या बाजूला जमले तर ओल जमिनीतली, वर जमले तर हवेतली. जमिनीतली ओल नुसत्या रंगाने थांबत नाही.

दुसरी गोष्ट, बाहेर पडायची वाट. २७ जुलै २०२४ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये तळघरात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. म्हणून दुसरा जिना, उंच उंबरठा, उपसा पंप आधी, सोफा-टीव्ही मागाहून. फौजेत मोर्चा बांधतानाही पाण्याचा निचरा आधीच बघतात. जय हिंद!