मूर्तीतल्या पाण्याचा हिशेब



रसायनशास्त्रात आकडेमोड आली की बरीच मुलं बिचकतात. मोल, रेणुवस्तुमान, समीकरण संतुलित करा, हे सगळं परीक्षेपुरतं, असं त्यांना वाटतं. पण तुम्ही रामवाडीत, पेणमध्ये किंवा हमरापूर-जोहे भागात राहत असाल, तर हे गणित तुमच्या शेजारी चालू असतं. गणपतीच्या कारखान्यात पीओपी पाण्यात कालवतात, रबरी साच्यात ओततात आणि थोड्याच वेळात ते घट्ट होतं. त्या वेळी साच्याला हात लावून बघा, गरम लागेल. म्हणजे इथे नुसतं वाळणं नाही, रासायनिक अभिक्रिया चालली आहे.

जिप्सम तापवलं की त्यातलं पाऊण स्फटिकजल निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजेच पीओपी, उरतं. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं. द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाबरोबर ज्यांचं नाव तुम्ही वाचता, त्या लॅव्हासिए यांनी 1765 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेला पहिला निबंध याच जिप्समवर होता.

आता वहीत लिहून घ्या. कॅल्शिअम 40, गंधक 32, ऑक्सिजन 16, हायड्रोजन 1. कॅल्शिअम सल्फेट झालं 136. प्लास्टरमध्ये त्याच्याबरोबर पाण्याचा अर्धा रेणू, म्हणजे 9, बेरीज 145. जिप्सममध्ये पाण्याचे दोन रेणू, म्हणजे 36, बेरीज 172. फरक 27. तेव्हा 145 ग्रॅम पीओपीला 27 ग्रॅम पाणी पुरतं. एका किलोला साधारण 186 ग्रॅम.

पण कारागीर एवढ्यावर कधीच भागवत नाही. इतक्या कमी पाण्यात लगदा साच्याच्या सोंडेत, बोटांत उतरणारच नाही. तो किलोला अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी घालतो. अभिक्रियेला लागतं तेवढं पाणी मुरतं, बाकीचं बारीक छिद्रांत अडकून राहतं आणि पुढचे कित्येक दिवस उडत जातं. म्हणून ताजी मूर्ती जड आणि वाळलेली हलकी. वजन उतरत उतरत एका जागी थांबतं. किलोभर शुद्ध पीओपीची मूर्ती, काथ्याचं वजन सोडून, 1186 ग्रॅमवर थांबायला हवी. ते 186 ग्रॅम पाणी आता हाताला ओलं लागत नाही, पण तराजूला कळतं.

हे शाळेत करून बघा. प्लास्टिकच्या पेल्यात 145 ग्रॅम पीओपी घ्या, पाणी घाला, काडीने ढवळा. त्यात हात बुडवू नका, भाजू शकतं. काडी आणि पेला यांचं वजन आधी करून ठेवा, कारण लगदा त्यांनाही चिकटतो. मग वाऱ्यावर, सावलीत वाळवा आणि रोज वजन करा. घाईने गॅसवर तापवाल तर स्फटिकजलही जाईल आणि हिशेब बिघडेल. वजन स्थिर झाल्यावर 172 ऐवजी 170 आलं, तर प्रयोग फसला असं समजू नका. 27 च्या जागी 25 ग्रॅमच पाणी मुरलं. बाकी सगळं नीट झालं असेल तर माल सुमारे 93 टक्के शुद्ध. तराजूने तुम्हाला गोणीचा दर्जा सांगितला. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

विसर्जनालाही हाच हिशेब लागतो. साध्या पाण्यात जिप्सम लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणजे किलोभर मूर्तीला 400 लिटरच्या आसपास पाणी हवं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला. 172 ग्रॅम जिप्समला 158 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं. त्यातून 100 ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट तळाशी बसतं, 132 ग्रॅम अमोनियम सल्फेट हे खत पाण्यात उतरतं, शिवाय 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 54 ग्रॅम पाणी. दोन्ही बाजूंची बेरीज करा, 330 येते. मूर्तीच्या वजनापेक्षा थोडी कमीच पावडर पुरते, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, समीकरण पुरतं. रंग आणि काथ्या मात्र तसेच उरतात, ते वेगळे काढावे लागतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. मोलचा धडा शिकवताना मुलांना एकदा जवळच्या कारखान्यात न्या, सोबत तराजू ठेवा आणि गणितं तिथल्याच आकड्यांवर घाला.