कोंबडीखाद्यात औषधाऐवजी हळद



पक्षी धडधाकट असले तरी वजन लवकर भरावे म्हणून रोजच्या खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक घालायची काहींना सवय असते. हे धोक्याचे आहे. अशा अपुऱ्या मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. उरतात ते त्या औषधाला दाद देत नाहीत. पुढे कोंबडी, किंवा आपल्याच घरातले लेकरू, खरोखर आजारी पडले की तेच औषध लागू पडत नाही. म्हणूनच कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन विकण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली.

मग करायचे काय? १०० किलो खाद्याला अर्धा किलो शुद्ध हळदपूड घ्या. आधी ती ५ किलो खाद्यात कालवा, मग बाकीच्यात मिसळा. सुरुवातीला थोड्याच पक्ष्यांना देऊन दर आठवड्याला वजन मांडा.

मात्र हळद म्हणजे लस नव्हे. राणीखेतची लस वेळेवर द्याच. तुसाची गादी कोरडी ठेवा, पाण्याची भांडी रोज घासा. पक्षी आजारी दिसला तर पशुवैद्यकांना विचारूनच औषध द्या. त्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत अंडी व पक्षी विकू नका.