कॉम्प्युटरला मोकळा वारा

आज बोलायचंय ते ऐन उन्हाळ्यात मधेच बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. आता बऱ्याच गटांकडे हिशेबाला, बिलांना, ऑनलाइन फॉर्म भरायला एखादा जुना-नवा कॉम्प्युटर असतो. तो एप्रिल-मे महिन्यात बंद पडला, की पहिला सल्ला मिळतो तो नवा घ्यायचा.

आमच्या गटाची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. त्याच खोलीत पार्टिशन घालून पुढच्या बाजूला कार्यालय. दुसरी जागा नाही. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम, आणि ऊनही तेव्हाच. पारा 42 च्या वर जातो. गेल्या हंगामात आमचा कॉम्प्युटर रोज दुपारी दोनच्या सुमाराला आपोआप बंद व्हायला लागला. पंधरा-वीस मिनिटांनी सुरू व्हायचा, पुन्हा बंद. तालुक्यातून दुरुस्तीवाला आला, डबा न उघडताच म्हणाला, “मदरबोर्ड गेला ताई, नवा घ्या.” आकडा सांगितला पंचवीस हजार. म्हणजे आमच्या सगळ्या हंगामाची शिल्लक! आम्ही विचारलं, सकाळी तीन-चार तास नीट चालतो तो कसा? तर म्हणे, “ते तुम्हाला नाही कळायचं.”

कांडप यंत्राचा पट्टा चढवणाऱ्या, मोटार तापली की हात लावून ओळखणाऱ्या बायकांना हे ऐकून घेणं अवघडच होतं. दुपारी बंद आणि सकाळी चालू, याचा अर्थ आमच्या काकूंनी लगेच सांगितला : “अगं, ते तापतंय.”

आपण ज्या सगळ्या डब्याला सीपीयू म्हणतो, त्याचं खरं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर ही आतली बिस्किटाएवढी चकती. काम करताना ती तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात, आणि त्यावर छोटा पंखा. चकतीची उष्णता पात्यांत जाते, पंख्याचा वारा ती पात्यांवरून उचलतो. पण वारा उचलून नेणार कुठे? कॅबिनेटच्या बाहेर काढणारा रस्ता नसेल, तर तीच गरम हवा आत गोल-गोल फिरत राहते. बरेच प्रोसेसर 90 ते 100 अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापले तर मशीन बंद होतं. म्हणजे दरवेळी तो बिघाड असतोच असं नाही. जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

चुलीचं बघा. खालून, पुढून हवा आत जाते, गरम धूर वर चढतो, धुराड्यातून बाहेर पडतो. धुराडं काजळीनं चोंदलं की घरभर धूर. कॅबिनेटचंही तसंच : थंड हवा पुढून खालच्या बाजूनं आत यावी, गरम हवा मागून वरच्या बाजूनं बाहेर जावी. हा एक रस्ता मोकळा ठेवणं, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

आम्ही कॅबिनेट उघडलं, त्याची रीत सांगते. कॉम्प्युटर बंद करून वायर सॉकेटमधून आणि यूपीएसमधून दोन्हीकडून काढायची. मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डबा ओट्यावर नेऊन समोरून पाहताना डावीकडचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून सरकवायचा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा. अंगावरची स्थिर वीज एखाद्या भागाला मारक ठरू शकते. अंगावर नायलॉनची साडी असेल तर हे विसरू नकाच.

आत काय होतं? पीठ, मिरचीची पूड आणि कापसासारखी धूळ. मागचा पंखा वरून स्वच्छ दिसत होता, पण हीट सिंकवरचा छोटा पंखा आणि त्याखालची पाती यांच्यामध्ये गोधडीसारखा थर बसलेला. वारा पात्यांपर्यंत पोचतच नव्हता. पिठाचं आणखी एक आहे, ते दमट हवेत ओल धरतं आणि पावसाळ्यानंतर घट्ट चिकटून बसतं. नुसतं फुंकून निघत नाही, आणि तोंडानं फुंकूही नका, थुंकीचा ओलावा जातो. रंगाचा नवा मऊ ब्रश घ्या किंवा हातात धरायचा ब्लोअर. पंख्यावर ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होतो. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही आत नको, त्याच्या नळीनं स्थिर वीज तयार होते.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही : एसएमपीएस, म्हणजे जिथं विजेची वायर लागते तो पत्र्याचा चौकोनी डबा. वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते. बाहेरच्या जाळीवरून ब्रश फिरवा, तेवढंच.

धूळ निघाली. पण आमच्या कॅबिनेटला पुढे पंखाच नव्हता. जागा होती, रिकामी. स्वस्तातल्या पुष्कळ कॅबिनेटचं असंच असतं. आम्ही तिथं 120 मिलिमीटरचा पंखा बसवून घेतला. काही शे रुपयांचं काम. पंखा उलटा बसला तर दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकतात. ओळखायचं कसं? पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. खात्री करायला जाळीसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. पुढे ती जाळीला चिकटावी, मागे दूर उडावी.

मागच्या बाजूच्या दोन पट्ट्या गळून पडलेल्या होत्या, त्या लावल्या. या भोकांतून हवा मागच्यामागेच आत येते आणि लगेच पंख्यातून निघून जाते, मधला प्रोसेसर कोरडाच राहतो. वायरी एका बाजूला घेऊन प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधल्या. रबर वापरू नका, उष्णतेनं ते तुटतं.

गेल्या आठवड्यात एका बहिणीनं विचारलं होतं, पत्राच काढून बाजूला टेबल फॅन लावला तर? अडीअडचणीला दोन दिवस चालेल, तापमान खरंच उतरतं. पण गिरणीजवळ, शेताजवळ तसं ठेवणं म्हणजे धुळीला आमंत्रण. शिवाय पाली आणि पोरांची बोटं.

पुढच्या जाळीला आतून बारीक जाळीचा फिल्टर लावता येतो. पिठाच्या जागी तो आठ दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. साडीचा तुकडा बांधू नका, हवाच अडते.

आता जागा. कॅबिनेट जमिनीवर नको, झाडताना सगळी धूळ तेच ओढून घेतं, स्टुलावर ठेवा. भिंतीपासून निदान वीतभर लांब. टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात तर नकोच. आणि ती भरतकामाची झालर लावलेली टोपडी! सुंदर असतात, पण मशीन बंद करून थंड झाल्यावरच घाला. पाण्याच्या कूलरचा झोत थेट मारू नका, ओलावा आत जातो.

आमच्या मशीनचं तापमान आम्ही आधी आणि नंतर पाहिलं. चालू करताना डिलीट किंवा एफ-2 बटण दाबत राहिलं की बहुतेक मशीनवर एक पडदा येतो, तिथं सीपीयूचे अंश दिसतात. दुपारी दोनला आधी 84 होते, नंतर त्याच वेळी 61. पंखे खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाहीत, म्हणून भर उन्हात जड कामं आम्ही अजूनही सकाळीच उरकतो. बाकी हंगामभर बिलं त्याच मशीनवर निघाली.

जाणकाराला कधी बोलवायचं? पंखा घरघरत असेल किंवा फिरतच नसेल, आतल्या छोट्या डबीसारख्या भागांची डोकी फुगलेली दिसली, किंवा साफ करूनही तापमान उतरत नसेल तर. प्रोसेसर आणि हीट सिंकच्या मध्ये थर्मल पेस्ट असते, काही वर्षांनी ती सुकते. जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची असते. हात बसलेला नसेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. काम तुमच्या समोर करायला सांगा, आधीचे अंश आणि नंतरचे अंश दाखवायला सांगा, आणि तो निघण्याआधी कागदाची पट्टी पुढच्या आणि मागच्या जाळीला एकदा धरून बघा.